इंग्लिश शब्द शोधायचं ॲप, आठ महिन्यांनंतर: सगळं भांडण एका ई वरून

आठ महिने वापरलं, वर्षाचे ४९९ रुपये भरले, आणि परवा वर्डलमधली (रोज एक पाच अक्षरी इंग्लिश शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा ऑनलाइन खेळ) १४३ दिवसांची स्ट्रीक, म्हणजे न चुकता ओळखत आल्याची सलग साखळी, गेली तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. पाच अक्षरी शब्द हवा, त्यात हे अक्षर असावं, ते नसावं, तिसऱ्या जागी अमुक, असं टाकलं की यादी देणारी ही ॲप्स काय असतात ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे फीचर्स सांगत बसत नाही. नाव पण लिहीत नाही, कारण परवानंतर मी फुकटवाली तीन उतरवून बघितली आणि त्यातल्या दोघांत अगदी हाच घोळ आहे.

घोळ काय, तर ॲपला मोजता येत नाही. अक्षर आहे की नाही एवढंच त्याला कळतं, किती वेळा आहे ते कळत नाही.

समजा वर्डलचं उत्तर व्हेल आहे, डब्ल्यू-एच-ए-एल-ई. तुम्ही टाकलं एल्डर, ई-एल-डी-ई-आर. पहिला ई पिवळा येतो (अक्षर आहे, पण दुसऱ्या जागी), दुसरा ई करडा (नाही). म्हणजे शब्दात ई आहे पण एकच आहे, ही खरं तर फार कामाची माहिती आहे. आता ॲपमध्ये खाने दोनच, हवी असलेली अक्षरं आणि नको असलेली. करडं झालेलं प्रत्येक अक्षर दुसऱ्या खान्यात टाका असं त्यांच्याच हेल्पमध्ये लिहिलंय. टाकलं की ई हवा पण आणि नको पण, आणि यादी रिकामी. त्या दिवशी माझं असंच झालं, चौथा प्रयत्न होता, ऑफिसला निघायची घाई, मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं टाईप केलं, परत टाकलं, परत रिकामी, मग नको मधला ई काढला तर साठ शब्दांची यादी आली ज्यात दोन ई वाले शब्द पण घुसलेले, त्यातले दोन टाकून बघितले, मग शेवटचा अंदाजाने, संपलं. १४३ दिवस. तापात पडून खेळलेय मी त्यातले काही.

ही उलटी बाजू झाली. सुलटी बाजू पण पहिले पाच महिने तशीच होती, हवी असलेली मध्ये ई-ई लिहिलं तरी ते एकच ई धरायचं. ज्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये वर्डल खेळलंय त्यांना पॅरर आठवत असेल, पी-ए-आर-ई-आर, ज्याने कित्येकांच्या स्ट्रीक घेतल्या. दुसरं अक्षर ए आणि शेवटी ई-आर, एवढं हिरवं झालं, म्हणजे बरोबर जागी सापडलं, तरी वॉटर, पेपर, लेटर (एल-ए-टी-ई-आर), बेकर, लेयर, वेजर, गेमर असे ढिगाने शब्द त्याच साच्यात बसतात, आणि आर शेवटी सापडला की तोच आर मध्ये पण असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही. नेमक्या अशा वेळेला तर माणूस यंत्राकडे जातो ना? दोनदा आलेलं अक्षर हाच जर वर्डलमधला सगळ्यात मोठा सापळा असेल आणि ॲप तिथेच आंधळं असेल तर मी पैसे कशाचे दिले?

तीन मेल केल्या. पहिल्या मेलला उत्तर, अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा. केलं, तर माझे सेव्ह केलेले शब्द गेले आणि ब्रिटिश स्पेलिंगचं सेटिंग परत अमेरिकन झालं. दुसरीला अकरा दिवसांनी, तुमची सूचना टीमकडे पाठवली आहे. सूचना नाहीये हो ती, चूक आहे! तिसऱ्या मेलमध्ये मी चार स्क्रीनशॉट जोडले आणि प्रत्येकावर लाल गोल करून दाखवलं. त्याला उत्तरच नाही. पण मार्चमध्ये अपडेट आलं आणि हवी असलेली मध्ये ई-ई टाकलं तर खरंच दोन ई वाले शब्द यायला लागले, मी त्याच रात्री दोन स्टारचे चार केले. आनंद झाला होता मला, कुणीतरी ऐकलं म्हणून. नको चा खाना मात्र त्यांनी तसाच ठेवला हे परवा कळलं, आता तीन स्टार.

चांगलं काय ते पण सांगायला पाहिजे. वरच्यासारखा साचा अडकला की एकेक शब्द टाकून प्रयत्न जाळायचे नाहीत, त्या सगळ्या शब्दांतली वेगळी अक्षरं एकत्र असणारा एखादा शब्द शोधायचा. मी सी, एल, एम, पी टाकते, पाच अक्षरं म्हणते, तर क्लॅम्प मिळतो, आणि त्या एका प्रयत्नात पेसर, पेपर, लेयर, मेकर यांचा निकाल बराचसा लागतो. हार्ड मोडमध्ये हे चालत नाही, तिथे सापडलेली अक्षरं वापरावीच लागतात. ही युक्ती मला ॲपमुळेच सुचली.

दुसरं म्हणजे नाना. माझे सासरे, तहसील कार्यालयातून रिटायर झालेले, रोज इंग्लिश पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवतात. त्यांचा नियम आहे, चहा संपेपर्यंत स्वतः, मग अडलं तर ॲप. एकदा नऊ अक्षरी शब्द होता, भारतातला महसूल अधिकारी अशा अर्थाचं काहीतरी क्लू, नानांनी लगेच तहसीलदार म्हटलं, पण दुसऱ्या घरात आडव्या शब्दाचा ए आलेला. आणि नाना आयुष्यभर टी-ई-एच लिहीत आलेले, सहीखाली, शिक्क्यावर. म्हणून ते तो आडवा शब्दच खोडायला निघाले. मी टी, ए, एच, मग तीन प्रश्नचिन्हं, डी, प्रश्नचिन्ह, आर असं टाकलं, तर आलं टी-ए-एच-एस-आय-एल-डी-ए-आर, इंग्रजी कोशांत हे स्पेलिंग पण आहे. नाना बराच वेळ फोनकडे बघत राहिले, म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं लिहिलं हे, आणि दुसरं स्पेलिंग आज बघतोय." त्यानंतर लाठी, लाख, घी, असे आपले शब्द इंग्लिश यादीत शोधायचा त्यांना नादच लागलाय.

यादीचा क्रम मात्र वैताग. नेहमीचे शब्द वर हवेत, इथे एबीसीडीने लावलेत. ए, आय, एल टाकलं की वर येतो डबल ए-एल-डबल आय, हवाईतल्या झुडपाचं नाव, आणि ट्रेल, फेल खाली कुठेतरी. मूळ वर्डलमध्ये चालणारे शब्द जवळजवळ १३ हजार होते पण उत्तरं म्हणून निवडलेले साधारण २३०० च, तेव्हा नेहमीचे आधी दाखवले तर शोधणं केवढं सोपं होईल.

आता पैशांचं. मी अकाउंट्समध्ये आहे, एक्सेल रोजचंच. परवाच्या रागात भाच्याकडून शब्दांची टेक्स्ट फाईल घेतली आणि एका कॉलममध्ये टाकली, शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात त्यामुळे लाखो शब्द आरामात बसले. लेन या लांबी मोजणाऱ्या फॉर्म्युल्याने पाच अक्षरी वेगळे काढले. फिल्टरच्या सर्चमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, म्हणून प्रश्नचिन्ह-ए-प्रश्नचिन्ह-ई-आर टाकलं की तो साचा समोर. आणि मोजणी? शब्दाच्या लांबीतून, सबस्टिट्यूट ने ई काढून टाकल्यावर उरलेली लांबी वजा केली की ई किती ते मिळतं, मग त्या कॉलमला एकचा फिल्टर. एवढंच करायचं होतं त्यांना! मला जेवण झाल्यावर वीस मिनिटं लागली.

शीट ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे, नानांना फोनवर मोठी अक्षरं लागतात, म्हणून ॲप काढलेलं नाही. यूपीआयचं ऑटोपे मात्र काल बंद केलं, मुदत संपायला चार महिने आहेत. चौथी मेल पाठवलीये, त्यात व्हेल आणि एल्डरचं उदाहरण आणि एक्सेलचा फॉर्म्युला दोन्ही लिहून दिलंय. नको च्या खान्यात 'एकच हवा' असं सांगायची सोय आली तर नानांच्या फोनवरून मीच ४९९ भरेन, आणि इथे येऊन स्टार पण बदलेन.