खाडीसाठी टर्बिडिटी मीटर (पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र) घेताय? आधी केबल किती लांब ते बघा

आमच्या कॉलेजच्या लॅबने १० मीटर केबलवर प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) सोडता येणारा टर्बिडिटी मीटर घेतलाय, ठाणे खाडीत होडीतून वापरतोय, म्हणून लिहितेय. बरेच जण टेबलावरचा, बाटलीत पाणी भरून मोजायचा मीटर घेतात. तो नळाच्या पाण्याला उत्तम आहे, पण खाडीसाठी एकटा तोच घेऊ नका प्लीज.

कारण खाडीतला गाळ वरपासून खालपर्यंत सारखा नसतोच. वरचं पाणी बरं वाटतं आणि प्रोब तळाजवळ गेला की आकडा धडाधड चढतो. परत वेळेप्रमाणे बदलतो ते वेगळंच, पाणी जोरात धावत असतं तेव्हा तळाचा चिखल उचलला जातो आणि भरती किंवा ओहोटी संपून पाणी थांबलं की खाली बसायला लागतो, तोही लगेच नाही, मागून सावकाश. बसतो तोसुद्धा खाऱ्या पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात म्हणून, सुटा कण तर तरंगतच राहील. मुंबईत उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला) पाणी ४ मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) खूपच कमी, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तळाच्या चिखलाला ओढणारा जोर साधारण चौपट होतो, त्यामुळे पौर्णिमेचं रीडिंग आणि अष्टमीचं रीडिंग एकाच जागेचं आहे हे पटत नाही. आमचे होडी चालवणारे तांडेलकाका तर तारीख ठरवायच्या आधीच विचारतात, उधाणात जायचंय का भांगात?

मीटर चांगलाच आहे. इन्फ्रारेड उजेड टाकून ९० अंशात किती परततो ते मोजतो, त्यामुळे पाण्याच्या रंगाचा फारसा त्रास होत नाही. पण आकडा एनटीयूमध्ये (गढूळपणाच्या एककात) येतो, तो म्हणजे लिटरमागे इतके मिलीग्रॅम गाळ असं अजिबात नाही!! तेवढ्याच वजनाची बारीक चिकणमाती वाळूपेक्षा कितीतरी जास्त उजेड परतवते. म्हणून त्याच खोलीचं पाणी बाटलीत घेऊन, गाळून, फिल्टर वाळवून वजन करायचं आणि आपल्या खाडीचा हिशोब आपणच बसवायचा, हे काम टाळलं तर सगळे आकडे वाया.

प्रोबची काच दर वेळी पुसा, चिखलाचा पातळ थर बसला तरी रीडिंग बिघडतं. खोली दाखवणारा सेन्सर यात नाही, म्हणून ५ पैकी ४. आम्ही केबलवर दर अर्ध्या मीटरला रंगीत टेप लावलीय आणि खाली छोटं वजन बांधलंय, नाहीतर धावत्या पाण्यात केबल तिरकी जाते आणि खोली चुकते.