भरपाईचा अर्ज करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना माझ्या नवऱ्यावर कोयत्याने वार झाला. मोबाइल हिसकावणाऱ्याचा हात यांनी धरला, तेव्हा मागे बसलेल्याने मनगटावर घातला. दोघं मोटारसायकलवर, तोंडाला रुमाल. अजून सापडले नाहीत. दोन ऑपरेशनं झाली, तरी उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. हे लेथवर काम करतात, म्हणजे आमचं घर त्याच हातावर चालायचं.

तो माणूस मला सिव्हिलच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. "वहिनी, केस पेपर दाखवा" म्हणाला. एमएलसी (पोलीस केसची दवाखान्यातली नोंद), पंचनामा, जखमेचा दाखला, सगळे शब्द तोंडपाठ. मग म्हणाला, "आरोपी सापडला नाही ना? मग सरळ मार्गाने काही मिळत नाही. आतून करावं लागतं. पाच लाख मंजूर करून देतो."

त्या एका वाक्याला मी फसले, आणि ते धडधडीत खोटं होतं. गुन्ह्यात जखमी झालेल्याला भरपाई देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357-अ मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 396 मध्ये आहे. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी जखमी माणसाला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना अर्ज करता येतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पाच हजार फाईल उघडायला, सात हजार पोलिसांच्या रिपोर्टला, सहा हजार साहेबांच्या सहीला. शेवटच्या वेळी मी कानातले गहाण ठेवले. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. यांना पेन धरता येत नव्हतं, तर त्याने कोऱ्या स्टॅम्प पेपरवर आणि बँकेच्या पैसे काढायच्या दोन कोऱ्या स्लिपांवर यांच्या डाव्या अंगठ्याचे ठसे घेतले. बारावी शिकलेला माणूस, मान खाली घालून अंगठा देत होता. भरपाई थेट खात्यात जमा होते, म्हणून त्याला त्या स्लिपा हव्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

पावती म्हणून त्याने जांभळ्या गोल शिक्क्याचा कागद दिला होता. शिक्क्यात 'प्राधीकरण' असं लिहिलं होतं. माझ्या आठवीतल्या मुलीने विचारलं, "आई, यातला धि ऱ्हस्व असतो ना?" दुसऱ्या दिवशी मी जिल्हा न्यायालयात गेले.

भरपाईचे अर्ज जिथे घेतात ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस त्याच आवारात असतं. तिथल्या बाईंनी रजिस्टर दोनदा बघितलं. यांच्या नावाचा अर्जच नव्हता. मी तिथेच बाकड्यावर बसून रडले. त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, या अर्जाला फी नसते, मधला माणूस लागत नाही. एका विधी स्वयंसेवकाने समोर बसून अर्ज लिहून दिला. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती होती. पण डिस्चार्ज कार्ड आणि एक्सरे त्या टपरीवरच्या माणसाकडेच अडकले होते. त्यांच्या नकला काढायला सिव्हिलच्या रेकॉर्ड रूमला पाच हेलपाटे झाले. अपंगत्वाचा दाखलाही नव्याने काढला.

या अर्जाला मुदत असते. उशीर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं, तेही आम्ही दिलं. त्या माणसाविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली आहे, आणि त्या स्लिपा चालू नयेत म्हणून बँकेलाही लेखी कळवलंय.

तुमच्या घरात असं कोणी जखमी असेल तर आधी 15100 ला फोन करा. विधी सेवेचा नंबर आहे. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही नको, अंगठाही नको. आणि पाच लाख, दहा लाख असा आकडा कोणी आधीच सांगितला तर तिथून उठा. रक्कम चौकशीनंतर प्राधिकरण ठरवतं, आणि ती चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कायद्यात आहे.

आमच्या अर्जाला पाच आठवडे झाले, पोलिसांचा अहवाल यायचाय. पोच मी रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. तिच्यावर आवक क्रमांक आहे. तो मी रजिस्टरमध्ये स्वतः बघून आले.