बी पेरावं की तयार रोप आणावं?

गाजराचं आणि मुळ्याचं रोप विकत आणू नका, कितीही टवटवीत दिसलं तरी. या दोन्हींत आपण खातो ते सोटमूळच. बी रुजलं की ते सरळ खाली धाव घेतं, आणि रोप उपटून दुसरीकडे लावताना त्याचं टोक तुटलं किंवा मुडपलं की गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून कायमच्या जागीच पेरायचं आणि उगवल्यावर विरळणी करायची. दोन गाजरांत साधारण 5 सेंटीमीटर अंतर हवं. चांगली हिरवी रोपं उपटताना जीव खालीवर होतो, पण दाटीतली गाजरं करंगळीएवढीच राहतात.

कोथिंबीरही याच गटातली. तिची मुळं दुखावली की पानं धरण्याऐवजी ती फुलावर येते. एका धण्यात दोन बिया असतात. धणे हलक्या हाताने रगडून दोन दळं सुटी केली की उगवण जास्त सारखी होते. जोर लावलात तर आतलं बी भरडलं जातं, तेवढं सांभाळा.

टोमॅटो, वांगी आणि मिरचीचा हिशोब उलटा आहे. बी पेरल्यापासून लावणीजोगं रोप व्हायला 4 ते 6 आठवडे जातात, मिरचीला तर त्याहूनही जास्त. माती गार असली की मिरची उगवायलाच दोन-तीन आठवडे घेते. धोका याच काळात असतो. माझी टोमॅटोची एक अख्खी ट्रे अशीच गेली. संध्याकाळी उभी असलेली रोपं सकाळी आडवी झाली होती. वाकून पाहिलं तर पानं हिरवीगार, आणि खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक झालेलं. ही मर, म्हणजे कोवळी रोपं कोलमडवणारा रोग. सतत ओली माती आणि कोंदट हवा मिळाली की ती पसरते, आणि एकदा कोलमडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी तीन-चार झाडंच हवी असतील तर सरळ रोपं आणा, असं माझं स्पष्ट मत आहे. ठरावीक वाणच हवं असेल किंवा रोपं पुष्कळ लागणार असतील, तर बियांची मेहनत कारणी लागते.

रोप निवडताना उंचीवर भाळू नका. बुटकं, जाड खोडाचं रोप लवकर जीव धरतं. पिशवीच्या तळाशी मुळांचा वेटोळा दिसला तर ते रोप तिथे फार दिवस अडकलंय असं समजा. पानांची खालची बाजू बघा, पांढरी माशी आणि मावा तिथेच लपतात. टोमॅटोची खालची पानं काढून खोड खोल पुरलं तर त्या खोडालाही मुळं फुटतात. सावलीतून आणलेलं रोप मात्र आठवडाभर थोडं थोडं ऊन दाखवल्याशिवाय भर उन्हात लावू नका.

भेंडी, घेवडा, काकडी, भोपळा यांचं बी मोठं असतं आणि उगवतंही चटकन, तेव्हा रोपावर पैसे घालवायचं कारण नाही. काकडी-भोपळ्याची मुळं नाजूक. आधी घरात रुजवायचीच असतील तर कागदी कपात पेरा आणि मुळांभोवतीची माती न हलवता लावा.

पुदिन्याला बीही नको आणि विकतचं रोपही नको. कुणाकडून चार काड्या मागून घ्या. पाण्यात ठेवल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. त्याला वेगळी कुंडी द्या, कारण जमिनीखालून धुमारे सोडत तो शेजारच्यांची जागा बळकावतो. रोझमेरीचं बी फार संथ आणि थोडंच उगवतं, तिथे रोपच बरं. तुळशीच्या जातीचं बेसिल दोन्ही प्रकारे येतं. त्याचं बी खोल गाडू नका, वरून मातीचा पातळ थर पुरे.

उरलेल्या बियांचा भरवसा पिकागणिक बदलतो. कोरड्या, थंड जागी टोमॅटोचं बी चार वर्षं सहज टिकतं, कांद्याचं मात्र एक-दोन वर्षांतच दम सोडतं. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दहा-बारा दिवसांत निदान पाच दाण्यांनाही मोड आले नाहीत, तर नवं पाकीट घ्या.