बॅटल मॅट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या शनिवारी शहापुरातील आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे घेऊन खेळायच्या खेळाच्या मोहिमेची, म्हणजे बैठकीमागून बैठक चालणाऱ्या कथेची, सव्विसावी बैठक संपली आणि बॅटल मॅट, म्हणजे लढाईचे नकाशे जिच्यावर काढायचे ती चौकोनी घरे आखलेली चटई, पुसताना तो लाल डाग पुन्हा डोळ्यांसमोर आला. डाव्या कडेपासून अकरा घरे आत, चार घरे लांब आणि तीन घरे रुंद असा हा डाग मार्चपासून तिथेच आहे. साबण, कोलनचे पाणी, खोबरेल तेल असे सर्व उपाय करून झाले. तो किंचित फिकट झाला, पण गेला नाही.

मॅट व्हिनाइलची, 36 बाय 24 इंचांची. फेब्रुवारीत ऑनलाइन मागवली तेव्हा साडेबाराशे रुपये पडले. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळत असल्यामुळे नियमांवर मी एक रुपयाही खर्च केलेला नाही, त्यामुळे हा खर्च मला जड गेला होता. वर्णनात 'लिहा आणि पुसा' एवढेच म्हटले होते, म्हणून मी व्हाइटबोर्डचा मार्कर वापरला. तक्रार केल्यावर विक्रेत्याने तिसऱ्या ईमेलला उत्तर दिले की चुकीच्या मार्करची जबाबदारी त्याची नाही. मार्कर कोणता हवा, हे मात्र वेष्टनावर कुठेही छापलेले नव्हते. त्या रात्री मी या मॅटला एकच तारा दिला होता.

तो तारा मी आता बदलत आहे, कारण दोष पूर्णपणे मॅटचा नव्हता. व्हाइटबोर्डची शाई काचेसारख्या गुळगुळीत, काहीही शोषून न घेणाऱ्या पृष्ठभागावरून निघावी अशी बनवलेली असते. व्हिनाइल मऊ असते आणि शाईतला रंग त्यात मुरतो, लाल तर सर्वांत आधी. या मॅटला ओल्या फडक्याने पुसली जाणारी, पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर लिहिण्यासाठी वापरत ती पेने लागतात. काळे पेन आणल्यापासून नवा डाग पडलेला नाही. मात्र रेघा त्याच रात्री पुसाव्या लागतात.

त्या डागामुळे माझ्या नकाशांवर जे ओझे पडले, ते मला बैठकीगणिक जाणवत राहिले. डाग झाकण्यासाठी मी त्या जागी विहीर काढू लागलो. पाचव्या किल्ल्यापर्यंत खेळाडूंना विहीर कुठे असणार हे आधीच कळू लागले आणि एकाने दार उघडण्यापूर्वीच तिकडे दोर टाकण्याची तयारी केली. तेव्हापासून मी मॅट दर वेळी फिरवून अंथरतो.

परंतु गेम मास्टर, म्हणजे कथा रचून खेळ चालवणारा, म्हणून मला खरी अडचण जुलैमध्ये उमगली. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक डोळ्यांसमोर ठेवून मी एका गढीचा दरवाजा रचला होता. तिथला पहारेकरी कन्नड बोलणारा, वृद्ध आणि मन वळवता येण्याजोगा होता, आणि ज्याच्या घरी कन्नड बोलतात असा आमचा एक मित्र टेबलावरच बसलेला होता. मी मॅटवर दरवाजा काढून चार पहारेकऱ्यांच्या सोंगट्या घरांत ठेवल्या आणि एक शब्दही बोलला जाण्याआधी सगळ्यांनी इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे लढाईत कोणाची पाळी आधी हे ठरवण्यासाठी, फासे उचलले. घरे दिसली की माणूस अंतर मोजू लागतो, हे मी तयारी करताना विचारात घेतले नव्हते. ऑगस्टमध्ये तशाच एका दरवाजाशी मॅट गुंडाळूनच ठेवली आणि सगळे वर्णन तोंडी केले. त्या मित्राने पहारेकऱ्याशी अर्धा तास कन्नडमध्ये घासाघीस केली, बाकीचे मराठीत सल्ले देत राहिले, आणि फासा न पडता दरवाजा उघडला. या मोहिमेतली माझी सर्वांत आवडती बैठक तीच.

तेव्हापासून मी बैठक लिहितानाच ठरवतो की अंतराला महत्त्व कुठे आहे. आगीच्या गोळ्याच्या मंत्राची त्रिज्या 20 फूट, म्हणजे पाच फुटांच्या घरांच्या हिशेबाने चार घरे. त्यात आपला सोबती सापडतो की नाही, हे मॅटशिवाय सांगू लागलो तर वाद अटळ आहे. लांब धनुष्याचा 150 फुटांचा पल्ला, म्हणजे तीस घरे, या मॅटच्या लांबीत बसतो. अशा लढाया महिन्यातून दोनदा येतात, आणि तेव्हा मॅट चोख काम देते.

घरी मात्र मी आता काच वापरतो. काचवाल्याकडून दोन बाय तीन फुटांची, चार मिलिमीटरची काच कडा घासून आणली आणि खाली इंचाच्या चौकटींचा कागद घातला. मॅटच्या निम्म्यापेक्षा कमी पैसे लागले, आणि व्हाइटबोर्डचा कोणताही मार्कर कोरड्या फडक्याने पुसला जातो. काचेचे वजन साडेपाच किलोच्या आसपास भरते, त्यामुळे खानापूरच्या मित्राकडे बैठक असते तेव्हा मॅटच गुंडाळून न्यावी लागते. तेवढ्या सोयीसाठी मी तिला तीन तारे देतो. ज्यांची मोहीम एकाच घरात चालते त्यांनी काच घ्यावी. ज्यांना गावोगाव जायचे आहे त्यांनी मॅटच्या आधी योग्य पेने मागवावीत आणि त्यांत लाल पेन घेऊ नये.