यूआरएल तपासायला काय घ्यायचं: रेजेक्स, जावास्क्रिप्टचा यूआरएल क्लास की पायथनचं यूआरएलपार्स?

युजरने टाकलेल्या पत्त्यावर आपला कोड कनेक्ट होणार असेल तर रेजेक्सचा (मजकुरात ठरावीक साचा शोधणाऱ्या पॅटर्नचा) नाद आधी सोडा. कॉपी-पेस्ट करून घेतलेल्या रेजेक्समध्ये आयपीव्ही६ चे (नव्या, लांब आयपी पत्त्यांभोवतीचे) चौकोनी कंस बहुतेक वेळा बसत नाहीत आणि ९९९९९ असा अशक्य पोर्ट मात्र आरामात पास होतो. लॉगमधून लिंका उपसायला ठीक आहे, बाकी नको.

जावास्क्रिप्टचा यूआरएल क्लास बराच कडक आहे, पोर्ट ६५५३५ च्या वर गेला की सरळ एरर देतो, आणि होस्टच्या (सर्व्हरच्या नावाच्या) जागी २१३०७०६४३३ असला आकडा दिला तर त्याचं १२७.०.०.१ करून दाखवतो, म्हणजे कोणी लपूनछपून लोकल मशीनकडे वळवत असेल तर ते दिसतं (पण एचटीटीपी, वेबसॉकेट अशा ठरावीक स्कीमलाच हं; स्कीम म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा भाग, वेबसॉकेट म्हणजे सर्व्हरशी उघडं राहणारं कनेक्शन). पण 'लोकलहोस्ट:३०००' दिलं तरी तो खूश, कारण त्याच्या लेखी 'लोकलहोस्ट' हीच स्कीम! त्यामुळे पार्स झाल्यावर (पत्त्याचे तुकडे पडल्यावर) प्रोटोकॉल, म्हणजे ही स्कीम, तपासायचाच, ते टाळू नका.

पायथनचं यूआरएलपार्स फक्त तुकडे करतं, व्हॅलिडेशन करत नाही हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. स्कीमशिवाय नुसतं डोमेन दिलं तर होस्ट रिकामा आणि सगळं पाथमध्ये, एरर वगैरे काही नाही. चुकीच्या पोर्टची एररसुद्धा तुम्ही पोर्ट वाचायला जाल तेव्हाच येते. म्हणजे स्कीम, होस्ट, पोर्ट तिन्ही चेक तुम्हीच लिहायचे.

खरा धोका दोन्ही एकत्र वापरले की होतो. समजा पत्ता आहे 'एचटीटीपी://चांगलं.कॉम\@वाईट.कॉम'. यूआरएल क्लास उलट्या स्लॅशला सरळ स्लॅश समजतो म्हणून होस्ट येतो चांगलं.कॉम, पायथन तसं समजत नाही, तो @ च्या पुढचं घेतो म्हणजे वाईट.कॉम. तपासणी एकाने केली आणि कनेक्शन दुसऱ्याने केलं तर तुमची परवानगीची यादी गेली पाण्यात. म्हणून जो पार्सर कनेक्ट करणार त्यानेच तपासा, किंवा तपासलेल्या तुकड्यांतून पत्ता नव्याने बांधून तोच पुढे द्या.

नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) किंवा ब्राउझर असेल तर यूआरएल क्लास घ्या, फक्त प्रोटोकॉल तपासून, पायथनमध्ये यूआरएलपार्स चालेल पण वरचे चेक लावूनच. वेबसॉकेटला अजून एक बघा, आरएफसी ६४५५ (वेबसॉकेटचं मानक) नुसार त्या पत्त्यात # चालत नाही, यूआरएल क्लास मात्र तो गुपचूप घेतो आणि एरर येते थेट कनेक्शन उघडताना, तर # असेल तर आधीच नाकारा.