परदेशातून पुण्यातला फ्लॅट विकताय? स्वतः या, की कुलमुखत्यारपत्र द्या

फ्लॅट पुण्यात, मालक लंडन नाहीतर ह्यूस्टनला, आणि गिऱ्हाईक तयार. अशा वेळी आमचा सल्ला सरळ असतो: इथे जवळचं, विश्वासाचं नातेवाईक असेल तर कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही-व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) द्या, नसेल तर रजा काढून स्वतः या.

हे ठरतं मुद्रांक शुल्कावर. महाराष्ट्रात मोबदला न घेता आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुलं, नातवंडं अशा जवळच्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला, तर शुल्क 500 रुपये. तोच अधिकार मित्राला किंवा एजंटला दिला, तर बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने शुल्क पडतं. तेवढ्या पैशांत विमानाची तिकिटं आरामात निघतात.

स्वतः आलात तर कागद कमी लागतात: पासपोर्ट, पॅन, मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), आधीच्या मालकांच्या करारांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. घोडं अडतं ते तारखांवर. गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील साखळीतला एखादा जुना करार मागतो, नोंदणी पुढे जाते आणि इकडे रजा संपते. म्हणून गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढू नका. परत जाण्याआधी सोसायटीच्या हस्तांतरणाच्या आणि वीजमीटरच्या अर्जांवर सह्या करून ठेवा. नोंदणीच्या गडबडीत नेमक्या याच राहतात.

कुलमुखत्यारपत्रात मेहनत आधी करावी लागते. ते फक्त या एका फ्लॅटपुरतं करा आणि मिळकतीचं वर्णन इंडेक्स टूवरून जसंच्या तसं उतरवा. करारावर सही करणं, दुय्यम निबंधकासमोर (नोंदणी अधिकाऱ्यासमोर) करार केल्याची कबुली देणं, सोसायटीचे अर्ज भरणं, ताबा देणं हे चारही अधिकार वेगवेगळे लिहा. कबुलीचा उल्लेख राहिला तर नोंदणी तिथेच अडते. पैसे स्वीकारण्याचा अधिकार देऊ नका. रक्कम थेट तुमच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांतलं बँक खातं) येऊ द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून लिहा. मसुदा सही करण्याआधी गिऱ्हाइकाच्या बँकेला दाखवा, कारण कुलमुखत्यारपत्र म्हटलं की बँका बारकाईने तपासतात.

सही तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करा. मूळ प्रत इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्क भरून घ्यावं लागतं. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, पोचल्याच्या तारखेचा पुरावा तोच. नोंदणीच्या दिवशी मालक हयात आहे आणि कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, असं घोषणापत्र नातेवाइकाला द्यावं लागतं.

टीडीएसच्या, म्हणजे गिऱ्हाइकाने किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या आयकराच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग सारखेच. सही इथल्या भावाने केली म्हणून निवासी मालकासारखा 1 टक्का कापून भागत नाही; पाहिलं जातं ते मालकाचं वास्तव्य. 50 लाखांपेक्षा कमी किमतीला कपात नाही, ही निवासी मालकाची मर्यादाही अनिवासी मालकाला लागू नाही आणि कपात बरीच जास्त होते. कमी कपातीचं प्रमाणपत्र हवं असेल तर आयकर विभागाकडे अर्ज टोकन (सुरुवातीची इसाराची रक्कम) घेण्याच्या सुमारासच करा, त्याला काही आठवडे सहज जातात. गिऱ्हाइकाने चुकून 1 टक्काच कापला तर नोटीस त्याला येते, म्हणून जाणकार गिऱ्हाईक याची खात्री झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

विक्री सहा महिन्यांनी करायची असेल आणि त्याआधी दिवाळीला किंवा लग्नकार्याला येणं होणार असेल, तर कुलमुखत्यारपत्र त्याच फेरीत इथे नोंदवून ठेवा. वकिलात, कुरिअर, तीन महिन्यांची मुदत, सगळंच टळतं.