डिजिटल रेंजफाइंडरवर टेलीफोटो: ७५, ९० की १३५?

लायका एमसारख्या डिजिटल रेंजफाइंडरवर (दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा) ३५ आणि ५० मिमीच्या लेन्स हाताखाली आल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लांबची एक घ्यायची, तर कुठली? बहुतेक जण मिलिमीटर पाहून निवडतात. माझ्या मते आधी अ‍ॅपर्चर पाहावं, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते (एफ-आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). रेंजफाइंडरला लेन्सची लांबी जड जाते हे खरंच, पण लांब लेन्स पूर्ण उघडून वापरणं त्याहून जड जातं.

कारण सोपं आहे. दोन खिडक्यांतलं अंतर आणि व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन यांचा गुणाकार म्हणजे रेंजफाइंडरची खरी ताकद. एम कॅमेऱ्यात हे अंतर सुमारे ६९ मिमी असतं. १९५४ च्या एम३ मध्ये मॅग्निफिकेशन ०.९१ होतं, डिजिटल एम९ मध्ये ते ०.६८ आहे आणि एम१० पासून ०.७३. म्हणजे एम९ ची ताकद ४७ मिमीच्या आसपास, एम१० ची ५० च्या आसपास. लेन्स कोणतीही लावा, ही ताकद तेवढीच राहते. लेन्सची मागणी, म्हणजे तिला फोकस किती अचूक हवा ते, मात्र फोकल लांबीच्या वर्गाने वाढते आणि एफ-आकड्याने भागली जाते.

५० मिमी एफ/१.४ ची मागणी १ धरली, तर हिशोब असा येतो. ९० एफ/४ ची १.१. ७५ एफ/२ आणि ९० एफ/२.८ दोन्ही १.६ च्या जवळपास. ९० एफ/२ आणि जुनी ७५ एफ/१.४ सुमारे २.३. १३५ एफ/४ ची अडीच, १३५ एफ/३.४ ची ३. गंमत म्हणजे ७५ मिमी एफ/१.२५ नॉक्टिलक्स अडीचवर, म्हणजे १३५ एफ/४ च्याच रांगेत बसते. लांबी कमी म्हणून ती सोपी जाईल या भ्रमात राहू नका. उलट १३५ एफ/८ वर आणली की १.३ वर उतरते आणि ५० मिमीच्या सवयीने चालवता येते.

फिल्मच्या काळात थोडी चूक खपून जायची. २४ मेगापिक्सेलवर ती दिसते आणि एम११ च्या ६० मेगापिक्सेलवर डोळ्यांत भरते. शिवाय एम मालिकेत सेन्सर-स्टॅबिलायझेशन (हाताचा थरकाप भरून काढणारी सोय) नाही. १३५ हातात धरून काढायची तर शटर १/२५० च्या खाली नेऊ नये. ६० मेगापिक्सेलवर मी १/५०० धरेन.

आता फ्रेमचं. डिजिटल एममध्ये फ्रेमलाइन (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या चौकटी) जोडीने दिसतात: २८ सोबत ९०, ५० सोबत ७५, ३५ सोबत १३५. (एम८ मध्ये १३५ ची फ्रेमच नाही.) ७५ च्या खुणा ५० च्या आतले चार कोपरे असतात आणि घाईत नजर ५० वरच जाते. ९० ची फ्रेम सुटसुटीत आणि पुरेशी मोठी असते. भोवती काय चाललंय तेही दिसत राहतं, म्हणून माणूस फ्रेममध्ये शिरण्याआधीच कळतो. रेंजफाइंडर घेण्याचं हेच तर कारण आहे, आणि टेलीफोटोमध्ये ते ९० वर सर्वात जास्त वसूल होतं. १३५ ची फ्रेम २८ च्या फ्रेमच्या साधारण तेविसाव्या हिश्शाएवढी असते. त्यात चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत. एम१० सारख्या मॉडेलांत फ्रेमलाइन २ मीटर अंतरासाठी आखलेल्या असल्यामुळे दूरच्या दृश्यात फोटोत फ्रेमपेक्षा जास्त येतं, हेही धरून चला.

यावर जुना उपाय म्हणजे आयपीसला लावायचं १.२५ किंवा १.४ पट भिंग. फोकसला मदत नक्की होते, पण ३५ कडे परतताना ते काढावं लागतं आणि काढलेलं हरवतं. १३५ एफ/२.८ एल्मारिटला तर पुढे चष्माच जोडलेला असतो, जो दृश्य दीडपट करतो. चालतो छान, पण वजन पाहिलं की ती घरीच राहते.

नवा उपाय लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट पडद्यावर पाहणं. एम टाइप २४० पासून तो आहे आणि वर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर लावता येतो. पूर्ण फ्रेम दिसते, मोठं करून फोकस करता येतो, रेंजफाइंडर थोडा सरकला असला तरी फरक पडत नाही. पण मोठं करा, फोकस करा, परत मागे या, मग फ्रेम जुळवा, एवढ्यात समोरचा माणूस वळलेला असतो. स्थिर विषयाला हे उत्तम, हलत्याला नाही. आणि १३५ कायम अशीच वापरणार असाल, तर रेंजफाइंडर कशासाठी? २०२५ च्या एम ईव्ही१ मध्ये तो काढूनच टाकलाय. एमच्या लांब लेन्स अ‍ॅडॉप्टरने मिररलेस बॉडीवरही चांगल्या चालतात. कोपऱ्यांची तक्रार येते ती प्रामुख्याने वाइड लेन्सची.

क्रॉपचा पर्यायही गंभीरपणे घ्या. एम११ वर ९० ने काढलेला फोटो १३५ च्या कोनापर्यंत कापला तरी सुमारे २७ मेगापिक्सेल उरतात. ७५ वरून कापला तर १८ च्या वर. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर मात्र ९० वरून जेमतेम ११ उरतात, तिथे १३५ ला अर्थ आहे.

तेव्हा एकच घ्यायची, तर ९०, आणि तीही एफ/२.८ किंवा एफ/४ ची. घडी होणारी ९० मॅक्रो-एल्मार एफ/४ बॅगेत जाणवतसुद्धा नाही. ७५ एफ/२ त्यांनी घ्यावी, ज्यांना माणसांच्या जवळ जायला आवडतं: एपीओ-सुमिक्रॉन ०.७ मीटरपर्यंत फोकस करते, बहुतेक ९० एक मीटरवर थांबतात. १३५ दूरच्या डोंगररांगा, इमारतींचे तपशील, रंगमंच यांसाठी, एफ/५.६ च्या पुढे. पक्षी आणि मैदानी खेळ यांच्यासाठी ऑटोफोकसवाला दुसरा कॅमेरा घ्या. रेंजफाइंडरला जोडलेल्या एम लेन्स १३५ लाच संपतात.

जुनी १३५ वापरलेली घेताना एक चाचणी जरूर करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोनतीन मीटरवर छापील मजकूर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. आधी पॅच (व्ह्यूफाइंडरच्या मधली दुहेरी प्रतिमा) जुळवून फोटो घ्या, मग लाइव्ह व्ह्यूने फोकस करून. दोन्हींत फरक दिसला तर तीच चाचणी तुमच्या ५० वर करा. ५० बरोबर असेल तर बहुधा दोष लेन्सच्या कॅममध्ये (फोकसची जागा रेंजफाइंडरला कळवणाऱ्या भागात) आहे आणि दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. पण ५० फार काही पकडत नाही, तिची मागणीच कमी. म्हणून हाताशी एखादी ९० असेल तर निवाडा तिच्यावर करा.